मधल्या आठ ओळी

अण्णांनी वाळलेली वेल बुडातून उपटली, माती झटकली आणि ती माझ्या हातात दिली.

"वास घे," ते म्हणाले. "कुजल्याचा येतोय का सांग."

मी मुळं नाकाशी धरली. कुजल्याचा वास नव्हता. बुडाशी पांढरी बुरशीही नव्हती. मुळांची टोकं मात्र तपकिरी, जाड आणि आखूड झाली होती, विस्तवाजवळ नेल्यावर आक्रसावीत तशी.

"नाही येत," मी म्हणाले.

"मग मर न्हवं."

मर म्हणजे पानवेलीचा तो रोग, ज्यानं एका पावसाळ्यात अख्खा मळा जातो. मर नाही म्हटल्यावर अण्णांना बरं वाटायला हवं होतं. पण ते बराच वेळ त्या वेलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मर असती तर बरं झालं असतं." मग पाठमोरे होऊन ओळीतून चालू लागले.

हे त्र्याऐंशी सालच्या भाद्रपदातलं. मी तेवीस वर्षांची होते, कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करत होते, आणि प्रबंधासाठी मला एक पानमळा हवा होता. पानवेल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिला शेवरी, शेवगा, पांगारा अशा झाडांचा आधार द्यावा लागतो. या झाडांची मुळं जमिनीत जे सोडतात त्याचा वेलीवर काय परिणाम होतो, हे मला पाहायचं होतं. झाड जागचं हलत नाही, पण मुळांतून, गळलेल्या पानांतून, पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यातून ते शेजाऱ्याला सतत काही ना काही पोचवत असतं. कुणाला वाढू देतं, कुणाला नाही. आमच्या सरांनी मिरजेच्या पूर्वेला एका गावात राहणाऱ्या पायगोंडा मगदुमांना पत्र लिहिलं. तेच अण्णा. त्यांचं उत्तर लगेच आलं : मुलीला पाठवा, आमच्याकडेही एक कोडं पडलंय.

कोडं म्हणजे मळ्याच्या मधल्या आठ ओळी. मळ्यात एकूण चाळीस ओळी होत्या. दोन्ही बाजूंच्या बत्तीस हिरव्यागार, आणि बरोबर मधल्या आठ पिवळ्या पडत चाललेल्या, निम्म्या वाळलेल्या. मर पाण्याच्या पाटाबरोबर पसरते. उन्हाचा आणि वाऱ्याचा त्रास आधी कडेला होतो. मधोमध सुरू होऊन आठव्या ओळीशी शहाण्यासारखं थांबणारं असं मला काहीच माहीत नव्हतं.

आता इतक्या वर्षांनी तो मळा आठवतो तेव्हा तो पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. चहूबाजूंनी ज्वारीच्या ताटांचा, माणसाच्या दुप्पट उंचीचा दाट कूड. वर शेवरीची झिरमिरी पानं. आणि मधून गाळून आलेला हिरवा उजेड. त्या उजेडात माणसांचे चेहरे हिरवट दिसायचे, आवाज लांबून आल्यासारखे वाटायचे. पायाखालची माती कायम ओली आणि गार. कुणीतरी शेंड्याशी उभं राहून लव्हाळ्यानं वेल बांधत असायचं आणि मधूनच एखादं पान गिरक्या घेत खाली यायचं. पहिले काही दिवस तर मी आत गेले की कशासाठी आले होते तेच विसरायचे. हातात वही तशीच राहायची.

अण्णांच्या त्या वाक्याचा अर्थ मला चंपूआत्यांकडून कळला. त्या अण्णांच्या विधवा बहीण. घर त्यांच्याच शब्दावर चालायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला परसात बाजूला घेऊन सरळ विचारलं होतं, मी बाहेरची तर नाही ना. मी नाही म्हटलं, ते खरंच होतं. पानमळ्याला विटाळ चालत नाही, त्यांनी समजावलं. चार दिवस बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल करपते. पाळी आली की न लाजता सांगायचं.

आठव्या दिवशी त्यांनी बाकीचं सांगितलं. घरातल्या प्रत्येकाला ओळी वाटून दिल्या होत्या. आपापल्या ओळी ज्यानं त्यानं बांधायच्या, खुरपायच्या, खुडायच्या. मधल्या आठ ओळी पद्मलच्या. पद्मल म्हणजे अण्णांची सून, भूपालची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली. नव्या सुनेला मुद्दाम मधल्या ओळी दिल्या होत्या, कारण तिथं ऊन-वारा कमी आणि काम सोपं.

"तुम्ही शिकलेल्या हाय, तुम्हीच जुळवून बघा," चंपूआत्या म्हणाल्या. "ती चार दिस बाहेर बसती. पाचव्या दिशी न्हाऊन आत जाती. आनि हप्त्याभरात तिच्या ओळी पिवळ्या. एकदा न्हवं, दर म्हैन्याला. बाकी कुनाच्या पिवळ्या पडल्या? आमी बी बायकाच हुतो की. हिचं काय तरी येगळंच हाय. वेली ऱ्हाऊ द्या, तिच्या पायाखाली गवत बी उगवंना."

मी हे वहीत लिहून घेतलं. त्यांचा निष्कर्ष मला मान्य नव्हता, पण निरीक्षण म्हणून ते चोख होतं. दर महिन्याला, पाचव्या दिवसानंतर, फक्त त्याच ओळी. आणि गवताचं तर मी स्वतः पाहिलं होतं. मधल्या आठ ओळींत खुरप्यानं काढावं असं एक पातं नव्हतं.

पुढचं त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. पद्मलच्या माहेरी निरोप गेला होता. अण्णांनी आधी दोन वेळा टाळलं, पण आता भावकीतले लोकही बोलायला लागले होते. सहा घरं त्या मळ्यावर जगत होती. महिनाअखेरच्या रविवारी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन जाणार होता. पुन्हा आणण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. भूपाल पानांचे डाग, म्हणजे भरलेल्या करंड्या, घेऊन मिरजेला जायचा आणि उशिरा यायचा. तो मुळातच अबोल होता. त्या महिन्यात त्याचा आवाज मी ऐकलाच नाही.

म्हणून अण्णांना मर हवी होती. रोगाचा दोष कुणाच्या अंगावर येत नाही.

मी पद्मलशी बोलायला लागले ते त्यानंतर. ती माझ्याहून वर्षभरानं लहान असावी. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला ताई म्हणायची. उंच, सावळी, आणि एकाच गोष्टीकडे फार वेळ बघू शकणारी. एकदा मी कलमांना पाणी घालत होते तेव्हा ती गोठ्याच्या खांबाला टेकून अर्धा तास उभी राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "सगळ्यास्नी सारखंच पानी घालताय. मग वाटीवर खुणा कशाच्या?"

पाणी सारखंच दिसत होतं, पण सारखं नव्हतं. अण्णांनी सहा वर्षांपूर्वी मळ्याच्या पश्चिमेला, बांधावर, बारा निलगिरी लावल्या होत्या. वनखात्यानं वाटलेली रोपं. मळ्याला वाऱ्याचा आडोसा होईल म्हणून त्यांनी ती स्वतः पाणी घालून वाढवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवायचे. निलगिरीखाली काही उगवत नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि इथंही ते दिसत होतं. मला संशय मुळांचा होता. म्हणून गोठ्याच्या पडवीत पानवेलीची तीस कलमं तीन रांगांत लावली. एका रांगेला नुसतं विहिरीचं पाणी. दुसरीला निलगिरीच्या मुळांजवळची माती भिजवून निवळलेलं पाणी. तिसरीला निलगिरीची पानं दोन दिवस भिजत घातलेलं पाणी. हे पद्मलला सांगितलं तेव्हा ती तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, सवय म्हणून, एक गोष्ट तपासायची तर तिच्या शेजारचीही तपासायची.

वीस दिवसांनी, शेवटच्या शनिवारी सकाळी, मी कलमं उपटून मुळं धुतली. पहिल्या आणि दुसऱ्या रांगेची मुळं पांढरीशुभ्र, लांब. त्यांत काही फरकच नव्हता. तिसऱ्या रांगेची तपकिरी, जाड, आखूड. अण्णांनी माझ्या हातात दिलेल्या वेलीची होती तशीच.

म्हणजे झाडाची मुळं नव्हेत, पानं. उत्तर मिळालं होतं आणि उत्तराचा उपयोग नव्हता. मळा आणि निलगिरी यांच्यामध्ये कूड होता, चिमणीलाही घुसायला जागा शोधावी लागेल इतका दाट. आणि वारा जरी पानं उडवून टाकत असता तरी ती कडेच्या ओळींत पडली असती. कडेच्या दोन ओळी अण्णांनी मला नोंदींसाठी दिल्या होत्या. महिनाभर मी त्यांत रोज बसत होते आणि त्या उत्तम होत्या.

दुपारी मी मधल्या ओळींत गेले. खुडणारे जेवायला गेले होते. आत कुणी नव्हतं, फक्त तो हिरवा उजेड आणि कुठंतरी पाटात पाणी मुरल्याचा आवाज. मी एका वेलीच्या बुडाशी गुडघे टेकून बसले आणि बोटांनी माती उकरली. वर शेवरीच्या पाल्याचा पातळ थर होता, रोजच्यासारखा. त्याखाली चार बोटं जाड, काळा, भिजून चिकटलेला दुसरा थर. एक पान सोडवून काढलं. लांब, कोयत्यासारखं वाकलेलं. बोटांत चुरगाळलं आणि तो वास आला, लहानपणी सर्दी झाली की आई रुमालावर दोन थेंब घालायची तो. क्षणभर मी कुठं आहे ते मला कळेना.

शेजारच्या नवव्या ओळीत उकरलं. तिथं नुसती माती, गांडुळं आणि हरळीची मुळं.

हे पान वाऱ्यानं आलेलं नव्हतं. कुणीतरी हातानं, प्रत्येक वेलीच्या बुडाशी, नीट पसरून ठेवलं होतं.

पद्मल निलगिरीखाली बसलेली होती. शुक्रवारपासून ती बाहेर होती. बाहेर असली की ती दिवसभर तिथंच बसायची, घरापासून आणि मळ्यापासून सारख्याच अंतरावर. झाडांची साल उन्हात चंदेरी दिसत होती आणि तिच्या अंगावर पानांच्या सावल्या हलत होत्या. मी पान पुढे केलं.

"हे वेलींच्या बुडात कुणी घातलं, वहिनी?"

"मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. मग माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "का?"

मी का ते सांगितलं नाही. आधी तू सांग, म्हणाले. त्या गडबडीत मी तिला अहो-जाहो करायचं विसरले, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षं, महिन्याचे चार दिवस, ती या झाडांखाली बसत होती. हाताला काम नसायचं, म्हणून बघत बसायची. पाऊस पडला की बांध सगळा हिरवा व्हायचा, इथं मात्र काही नाही. आधी तिला वाटलं सावली. पण सावली तर दुपारनंतर पलीकडे सरकते, आणि पलीकडे गवत असतं. मग वाटलं, झाड मुळांनी पाणी ओढून घेत असेल. एकदा तिनं बसायला जागा केली आणि झाडाच्या अगदी बुडातला पाला झाडून लांब ढीग केला. पुढच्या महिन्यात येऊन बघते तर झाडाच्या बुडात बारीक गवत आलेलं, आणि ढिगाच्या जागी आधीचं होतं तेही गेलेलं.

"तवा कळलं," ती म्हणाली. "मुळात न्हाई, पाल्यात हाय."

मला वीस दिवस आणि तीस कलमं लागली होती.

चार दिवस बाहेर बसल्यामुळे तिचं खुरपण दर महिन्याला मागं पडायचं आणि चंपूआत्या तोंडसुख घ्यायच्या. म्हणून तिनं युक्ती केली. बाहेर बसल्या बसल्या पाला गोळा करायचा, पोत्यात भरायचा, आणि पाचव्या दिवशी न्हाऊन झाल्यावर, खुडणारे जेवायला गेले की, आत नेऊन वेलींच्या बुडात पसरायचा. वरून शेवरीचा पाला, म्हणजे मळ्याला शोभेसा दिसेल. गवत खरोखरच थांबलं. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या ओळींत तिला खुरपं धरावं लागलं नव्हतं.

"वेलीला लागंल असं मनात आलंच न्हाई बगा. गवत एवढंसं. वेल केवढी मोठी."

मग मी तिला मुळांबद्दल सांगितलं. ती ऐकताना खाली पडलेलं एक पान उचलून उभं चिरत होती, शिरेच्या अगदी कडेनं. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजे मीच मारल्या."

"असं नाही म्हणता येणार."

"असंच की." ती रडली नाही. चिरलेलं पान टाकून तिनं विचारलं, "आनि हे बाहेर बसायचं हाय त्यानं काय हुत न्हाई? तुम्ही बगितलंय?"

"नाही होत काही. बघितलंय."

ती माझ्याकडे एकटक बघत राहिली. कसं बघितलं ते तिनं विचारलं नाही.

"मग उद्या मामास्नी तसंच सांगा," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "पाला म्या घातला म्हनून."

"वहिनी, सगळं तुमच्यावर येईल."

"आता काय दुसऱ्या कुनावर हाय?" ती किंचित हसली. "हातानं चुकलं म्हना, ताई. हाताला शिकवता येतंय. इटाळाला काय शिकवू?"

मी बघते म्हणाले. तिथून परत येताना मी मनाशी ठरवलं होतं की हे अण्णांना सांगायचं नाही. तिच्या ओळी तिनंच मारल्या असं कळलं की ते तिला पाठवणारच, असं मला वाटत होतं. खरं तर मला तिला वाचवायचं होतं, आणि माझ्या पद्धतीनं वाचवायचं होतं.

रविवारी सकाळी अण्णा मळ्याच्या दाराबाहेर घोंगडं टाकून बसले होते. चंपूआत्या सुपात काही निवडत होत्या. दहा-बारा पावलांवर, बांधाशी, पद्मल पत्र्याची ट्रंक पायाशी ठेवून उभी होती. तिचा भाऊ दुपारच्या गाडीनं येणार होता. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि सगळीकडून वाफ निघत होती. झाडं, माणसं, ट्रंक, सगळं थोडं जमिनीच्या वर तरंगल्यासारखं दिसत होतं.

"सापडलं म्हनतीस," अण्णा म्हणाले.

मी कलमं त्यांच्यापुढे मांडली आणि निलगिरीच्या पाल्याचं सांगितलं. पाणी पडलं की त्यातून काहीतरी उतरतं, ते मुळाच्या कोवळ्या टोकाला लागतं, मूळ वाढायचं थांबतं. अण्णांनी तिन्ही रांगांतली मुळं बोटांवर घेऊन पाहिली. मग मान वळवून आपल्या बारा झाडांकडे पाहिलं.

"मुळं न्हवं? पालाच?"

"पालाच."

"मग त्यो मधी कसा गेला?"

"वाऱ्यानं," मी म्हणाले.

त्यानंतर पस्तीस वर्षं मी प्रयोगशाळेत काढली. हातात आलेल्या निकालाबद्दल जाणूनबुजून खोटं मी तेवढं एकदाच बोलले आहे.

अण्णांनी कुडाकडे पाहिलं. पन्नास वर्षं त्या जागेवरचा वारा त्यांनी अंगावर घेतला होता. कुठल्या महिन्यात तो कुठून येतो आणि काय उचलतो हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. "वाऱ्यानं," ते हळूच म्हणाले. आणि मला दिसलं की त्यांना ते हवं होतं. कुणाची चूक नाही, कुणाचा दोष नाही. "आसंल," ते म्हणाले.

"वारं काय हिच्याच ओळी हुडकत आलं व्हय?" चंपूआत्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या.

मग मागून आवाज आला.

"वारं न्हवतं, मामा."

पद्मल अण्णांशी थेट बोललेली मी आधी कधी ऐकली नव्हती. तिनं पदर सारखा केला, पण जागची हलली नाही.

"पाला म्या घातला. गवत येऊ नये म्हनून."

चंपूआत्यांचे हात सुपात थांबले. अण्णा तिच्याकडे वळले. मला वाटलं, आता संपलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दर खेपंला सा पोती."

"वल्ला का वाळका?"

"पावसाळ्यात वल्ला. एरवी वाळका."

"थर केवढा?"

तिनं चार बोटं दाखवली.

"बुडाला टेकवून का जागा सोडून?"

"टेकवून."

अण्णांनी जिभेनं टक् केलं. वेल फार आवळून बांधणाऱ्या गड्यावर ते असं करायचे. "टेकवून कोन घालतं गं? तुज्या बापाचा बी पानमळाच हाय न्हवं? जे गवताला मारतंय ते वेलीला सोडंल व्हय? आदी एका वेलीला घालायचं. म्हैनाभर दम धरायचा. बरी ऱ्हायली तर दुसरीला. आठ ओळी एकदम?"

"व्हय. चुकलं," पद्मल म्हणाली. आणि शिव्या खाताना माणसाचा चेहरा इतका मोकळा होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

अण्णा थोडा वेळ मुळं चाचपत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की पाला काढायलाच लागणार, खालची वीतभर मातीही. उद्या रोजंदारीवरच्या बायका लावतो. पद्मलनं दोन पावलं पुढं टाकली. रोजगाऱ्यांना कळणार नाही, ती म्हणाली. कुठल्या वेलीला किती घातलाय ते तिला ठाऊक होतं. न बघता उकरलं तर उरलीसुरली मुळंही तुटतील. आणि आजच काढायला हवा, रात्रीच्या पावसानं परत पाणी उतरलं असेल.

"ती बाहेरची हाय, दादा," चंपूआत्या म्हणाल्या.

अण्णांची नजर जमिनीवर गेली. मला कळलं की इथून पुढं त्यांना एकट्यानं जाता येणार नाही, आणि पद्मलनंही जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "कडेच्या दोन ओळींत मी रोज जाते आहे. या महिन्यात एकही दिवस चुकवला नाही. सगळे दिवस आत गेले, ते चारही."

चंपूआत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, मनात तारखा मोजत असाव्यात तसे. मग त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. माझे कान तापले होते. वर्गात पाठ म्हणून दाखवल्यासारखं मी पुढचंही बोलून टाकलं, "मी सांगितलं नव्हतं. त्या ओळी तुम्ही बघा हव्या तर."

अण्णा बघायला गेले नाहीत. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून थोडे थांबले, मळ्याच्या दारावरचा झापा उचलून आत गेले. वारा शिरू नये म्हणून झापा मागं लगेच लावून घ्यायचा असतो. त्यांनी तो लावला नाही.

पद्मल तशीच उभी होती. झाप्याच्या चौकटीतून आतला हिरवा उजेड बाहेरच्या मातीवर पडला होता. तिनं चंपूआत्यांकडे पाहिलं. चंपूआत्या पुन्हा सूप पाखडू लागल्या होत्या, जरा जास्तच जोरात. मग पद्मलनं ट्रंक रस्त्यातून बाजूला सरकवली आणि आत गेली. तिच्यामागून मी.

तिचा भाऊ दुपारी आला, चहा प्यायला आणि एकटाच परत गेला. पुढं वेलीही निम्म्या-अधिक फुटल्या. पण ते नंतरचं. मला आठवते ती त्या सकाळची आतली शांतता. पद्मल पुढं चालत होती, प्रत्येक वेलीशी क्षणभर थांबत होती. "हिला दोन पाट्या. हिला एक. हिला दोन, श्रावणात परत एक." अण्णा मागून बसत-उठत दोन्ही हातांनी काळा पाला उपसत होते आणि मी पाटी भरत होते. सगळीकडे तो वास पसरला होता.

पाचव्या ओळीच्या मध्यावर ती एका वेलीपाशी थांबली नाही, तशीच पुढं गेली.

"आनि हिला?" अण्णांनी विचारलं.

"हिला घातला न्हाई," ती मागं न बघता म्हणाली. "दर खेपंला पोतं हितंच संपायचं."

अण्णांनी मान वर केली. मीही केली. महिनाभर मी त्या ओळीतून गेले होते, आणि वहीत दर वेळी आठ ओळी पिवळ्या एवढंच लिहिलं होतं. दोन्हीकडच्या वाळलेल्या वेलींच्या मधोमध ती एकटी पांगाऱ्यावरून शेंड्यापर्यंत चढली होती, हाताएवढ्या पानांची, हिरवीगार.

अण्णांनी तिच्या बुडाशी हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.